ग्रंथालयाने पाहुण्याला कुठवर आत घेतले? : बडोदेकरांचे अनुभव

(राजमहाल रोड)

गेल्या हिवाळ्यात पुण्याचा मावसभाऊ चार दिवस मुक्कामाला होता. लक्ष्मीविलास झाला, कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे झाली, कमाटी बागेत शेंगा खाऊन झाल्या आणि मग तो म्हणाला, "आता तुमचे ते काचेच्या जमिनीचे ग्रंथालय दाखव." मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा मी चाळीस वर्षांचा सभासद आहे, परंतु ती वास्तू कोणाला 'दाखवायची' असते, हे माझ्या कधी मनातच आले नव्हते. पुस्तक बदलायचे, ओळखीच्या दोघांशी बोलायचे आणि मंगळ बाजारातून भाजी घेऊन घरी यायचे, एवढाच माझा तिथला व्यवहार. त्या दिवशी मात्र मी कपाटांकडे पाहत होतो आणि हा गृहस्थ पायांखाली पाहत होता. शेवटी मीही खाली पाहिले. जाड, दुधी काचेच्या लाद्यांतून खालच्या मजल्यावरच्या दिव्याचा मंद उजेड वर येत होता आणि पुस्तके लावणाऱ्या कर्मचाऱ्याची सावली आमच्या पायांखालून हळूहळू सरकत होती.

घरी परतताना मनात एक प्रश्न आला, आणि तोच इथे मांडतो. आपण ग्रंथालयात वाचक म्हणून जातो तेव्हा आपले काम ठरलेले असते. पण परगावी, केवळ पाहायला म्हणून, एखाद्या जुन्या, थोर ग्रंथालयाची पायरी आपण चढलो तेव्हा त्या वास्तूने आपल्याला कुठवर आत घेतले? दारापर्यंत, दोरीपर्यंत, की पुस्तकापर्यंत? ज्यांना अनुभव असेल त्यांनी सविस्तर लिहावे. 'भव्य वास्तू होती, फार छान वाटले' एवढेच लिहायचे असेल तर कृपया श्रम घेऊ नयेत.

(घडियाळी पोळ, निवृत्त शालेय ग्रंथपाल)

सुरुवात आपल्याच मांडवीपासून करते, कारण परगावचे पाहुणे तिथे नेण्याचे काम आमच्या घरात वर्षानुवर्षे माझ्याकडेच आहे. पाहुणे पहिल्यांदा विचारतात ते हेच, की जमीन काचेची कशासाठी? राजवाड्याची हौस असावी असा बहुतेकांचा समज असतो. तसे मुळीच नाही. पुस्तकांची लोखंडी कपाटे एकावर एक मजल्यांनी उभी केली की खालच्या मजल्यावर दिवसाही अंधार होतो. मधली जमीन काचेची केली तर वरचा उजेड खाली झिरपतो. शिवाय लोखंड आणि काच यांना आग लागत नाही, वाळवी तर नाहीच नाही. आपल्या हवेत लाकडी फडताळांतल्या पुस्तकांचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या काचेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट मी पाहुण्यांना आवर्जून सांगते. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती, आणि तीही एका अर्थी पाहुणा म्हणूनच. आपल्या राज्यात १९०६ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला पुढे वाचायला काहीच मिळाले नाही तर तो शिकलेले विसरणार, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९१० मध्ये कनेक्टिकट संस्थानातल्या न्यू हेवनहून विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले. ('संस्थान' हा आमच्या वडिलांचा शब्द, अमेरिकेच्या राज्यांनाही ते संस्थानेच म्हणत आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नसे.) बॉर्डन तीन वर्षे बडोद्यात होते. तेवढ्या काळात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपालनाचे शिक्षण सुरू झाले आणि १९१२ साली इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतला मजकूर असलेले 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक निघाले. महाराजांचा सुमारे २०,००० पुस्तकांचा खाजगी संग्रह या ग्रंथालयाच्या मुळाशी आहे.

मात्र पाहुण्यांना दाखवण्यासारखे जे सर्वांत मोठे आहे ते इमारतीत दिसतच नाही. खेड्यातल्या लोकांनी वर्गणी काढून काही रक्कम उभी केली की प्रांत पंचायतीने तितकीच घालायची आणि सरकारने तितकीच, असा नियम होता. जिथे तेवढेही जमत नसे तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. मांडवीचे ग्रंथालय पाहून जो पाहुणा 'केवढी इमारत!' म्हणतो त्याला मी चहाच पाजते. जो 'त्या पेट्या कुठवर जात?' असे विचारतो त्याला जेवायला थांबवून घेते.

(कारेलीबाग)

आम्ही उभयता तीन वर्षांपूर्वी तंजावरला गेलो होतो. खरे तर बृहदीश्वराच्या दर्शनाला गेलो होतो, आणि तिथे देवळाच्या भिंतीवर कोरलेला भोसल्यांच्या वंशाचा १८०३ सालचा मराठी शिलालेख पाहून आमची मती गुंग झाली. एवढ्या दूर दक्षिणेत, चोळांच्या देवळात, आपली अक्षरे! तिथून पुढे राजवाड्याच्या आवारातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जाणे ओघानेच आले.

सरस्वती महालाची सुरुवात नायक राजांच्या काळातली; पण त्याला आजचे रूप आले ते १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजे भोसल्यांमुळे. हा राजा काशीयात्रेला गेला तो येताना हस्तलिखिते घेऊन आला. इंग्रजी पुस्तके विकत घेऊन त्यांवर स्वतःच्या हाताने सही करीत असे. १९१८ पासून हे ग्रंथालय सर्वांना खुले झाले. संस्कृत, तमिळ आणि तेलुगूबरोबर सुमारे ३,००० मराठी हस्तलिखिते तिथे आहेत, शिवाय मोडी कागदांचे गठ्ठे आहेत ते निराळेच.

पाहुण्यांसाठी तिथे प्रदर्शनाचे दालन आहे. काचेआड ताडपत्रे, चित्रे आणि जुने नकाशे मांडलेले असतात, आणि ते पाहून बहुतेक यात्रेकरू पंधरा मिनिटांत बाहेर पडतात. आम्हीही तसेच पडलो असतो. परंतु यांच्या तोंडून मराठी ऐकून तिथले एक वयस्क कर्मचारी जवळ आले आणि तुटक, पण अगदी स्पष्ट मराठीत म्हणाले, "आपण कोठोन आलेत?" ते 'कोठोन' ऐकून मी चमकलेच, माझी पणजी असे बोलत असे. बडोद्याहून, असे सांगितल्यावर त्यांनी लगेच गायकवाडांचे नाव घेतले. आत हस्तलिखितांपाशी नेता येणार नाही, त्यासाठी अभ्यासकाने रीतसर अर्ज करावा लागतो, हे त्यांनी नम्रपणे सांगितले. पण प्रदर्शनातल्या मोडी कागदापाशी उभे राहून त्यांनी पहिल्या दोन ओळी आम्हांला वाचून दाखवल्या. आम्हां दोघांनाही मोडी येत नाही. आपल्याच भाषेतले अक्षर आपल्याला वाचता येऊ नये आणि ते तंजावरच्या माणसाने वाचून दाखवावे, याची जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. परत आल्यावर यांनी मोडीच्या वर्गात नाव घातले. मी घातले नाही, माझे डोळे आता तेवढे चालत नाहीत.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर काचेपर्यंत, आणि काचेपलीकडच्या दोन ओळींपर्यंत.

(मांजलपूर)

मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो तेव्हा न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे फिफ्थ अॅव्हेन्यूवरचे मुख्य भवन पाहिले. दारापाशी संगमरवरी सिंहांची जोडी आहे. 'पेशन्स' आणि 'फॉर्टिट्यूड', म्हणजे धीर आणि खंबीरपणा, ही त्यांची नावे १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत महापौर ला गार्डिया यांनी ठेवली. मुलगा सिंहांपाशी फोटो काढण्यात गुंतला होता आणि मला आत जायची घाई झाली होती.

वरच्या मजल्यावरचे रोझ वाचनदालन २९७ फूट लांब आणि सुमारे ५२ फूट उंच आहे. छतावर ढगांची चित्रे आहेत. आम्ही गेलो त्या दिवशी तिथे बसणे फक्त वाचकांसाठी होते आणि आमच्यासारख्यांना मार्गदर्शकाबरोबर, घोळक्याने, एका कडेने नेत होते. खरे सांगतो, मला ते पटले. शेकडो माणसे मान खाली घालून वाचत असताना आपण मधून कॅमेरे घेऊन फिरायचे, हे बरे नव्हे. पण मार्गदर्शक बाईंनी जे सांगितले त्याने मी जागच्या जागी थांबलो. हे एवढे दालन ज्यावर उभे आहे ती खाली सात मजल्यांची लोखंडी कपाटांची मांडणी आहे. कपाटे नुसती पुस्तके धरीत नाहीत, वरची जमीनही तोलून धरतात. पुस्तके आता तिथून काढून शेजारच्या ब्रायंट पार्कच्या पोटात नेली आहेत आणि रुळांवरून धावणाऱ्या छोट्या लाल गाड्यांतून ती वर येतात. कपाटे मात्र रिकामी उभी आहेत, कारण ती काढली तर दालन खाली येईल.

हे भवन १९११ साली खुले झाले, म्हणजे आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयानंतर एका वर्षाने. मी मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुलना करू नका." तुलना मी करीत नव्हतोच. तिथे लोखंडी कपाटांचा एक मजलाही पाहुण्याला दिसत नाही आणि मांडवीत, परवानगी विचारली तर, त्यावरून चालता येते, एवढेच मला म्हणायचे होते.

(प्रतापनगर)

माझा अनुभव कडू आहे आणि थोडक्यातच लिहितो. एका मोठ्या शहरातल्या दीडशे वर्षांच्या ग्रंथालयात बायको-मुलांसह गेलो. दारावरच्या माणसाने विचारले, "सभासद आहात?" नाही म्हटल्यावर, "मग काम काय?" पाहायचे आहे, म्हटले. "इथे पाहण्यासारखे काही नाही." त्याच्या मागे भिंतीभर सागवानी गोल जिना दिसत होता. आठ वर्षांच्या मुलीने तो बोटाने दाखवला आणि आम्ही परत फिरलो. ग्रंथालयाचे नाव लिहीत नाही. माणूस बदलला की दार बदलते हे मला ठाऊक आहे.

(राजमहाल रोड)

प्रतापनगरच्या गृहस्थांना एवढेच सांगतो की मावसभावाला घेऊन गेलो तेव्हा मलाही धाकधूक होती. तिथल्या कर्मचाऱ्याने चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाला, "जोवा आव्या छो? तो जुओ ने, निरांते जुओ." पाहायला आलात तर पाहा ना, निवांत पाहा. मुलीला घेऊन एकदा या.

(निझामपुरा)

मुंबईच्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढून, १८३३ सालच्या त्या इमारतीत, एशियाटिक सोसायटीत गेले होते. खांब, पुतळे, लोखंडी नागमोडी जिने हे सगळे छायाचित्रांत असते तसेच आहे. लक्षात राहिले ते वेगळेच. वृत्तपत्रांच्या टेबलाशी बसलेले वृद्ध वाचक एक पान उलटायला इतका वेळ घेत होते की बाहेरच्या फोर्टातली धावपळ खोटी वाटावी. मला कोणी अडवले नाही, कोणी बस असेही म्हटले नाही. मी बसले.

(सुलतानपुरा)

माझे माहेर मालेगाव तालुक्यातले, कवळाण्यापासून फार दूर नाही. सयाजीराव महाराज १८७५ मध्ये दत्तक जाण्यापूर्वीचे गोपाळराव कवळाण्याचेच, त्यामुळे आमच्याकडे बडोद्याविषयी लोक जावयाच्या घराविषयी बोलावे तसे बोलतात. लग्नानंतर सहा वर्षांनी वडील पहिल्यांदा इकडे आले. शेतकरी माणूस, सातवीपर्यंत शिकलेले. राजवाड्याला दुपारी जायचे ठरले होते, त्याआधी मांडवीच्या बाजारात लुगडी पाहायची म्हणून निघालो, आणि वाटेत ग्रंथालय लागले तसे म्हणाले, "हे महाराजांचं? मग जाऊ की."

आत काचेच्या जमिनीवर पाय ठेवायला ते तयार होईनात. फुटेल म्हणून नव्हे. कोणाच्या तरी डोक्यावर उभे राहिल्यासारखे होते, म्हणाले. त्यांना मी खाली वाचनकक्षात बसवले आणि पुस्तक बदलायला गेले. परत आले तर ते मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून, ओळीवर बोट ठेवून, हलक्या आवाजात वाचत होते. समोरचे एक गुजराती आजोबा आपले वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत होते. मी खुणेने आवाज कमी करायला सांगितले तर आजोबांनीच मला हाताने थांबवले.

बाजारभावाचे पान संपेपर्यंत वडील उठले नाहीत. मग वर्तमानपत्राची घडी जशी होती तशी घातली, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि दारात थांबून विचारले, "इथं बसायचे काही द्यावं लागतं का?" नाही, म्हटले. तोवर पाच वाजून गेले होते आणि राजवाड्याची वेळ टळली होती. तो पुढच्या खेपेला दाखवायचा राहिला आहे.