चांद्याचा कोळसा-लोखंड सर्व्हे: उपकार म्हणायचा की नाही?

वर्धाकाठचा
मागच्या चर्चेत एकाने ठोकून दिलं, 'इंग्रजांच्या भूगर्भ सर्व्हेने इथले, म्हणजे चांद्याचे (आताच्या चंद्रपूरचे) खडक तपासले ते लुटायलाच.' बरं, लुटायला. पण म्हणून त्या सर्व्हेतल्या ह्यूज या भूशास्त्रज्ञाचा १८७७ चा वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा अहवाल रद्दीत घालायचा का? कुठल्या थरात कोळसा, कुठे बेसॉल्टने (काळ्या पाषाणाने) तो झाकलाय, हे या माणसाने पायी फिरून नकाशावर आणलं. आज चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं वीजकेंद्र त्याच खोऱ्यातल्या कोळशावर उभं आहे. हेतू वाईट असला तरी काम चोख होतं. माझं मत एवढंच.

भट्टीवाली
काम चोख, पण कशाचं? रेल्वेला कोळसा हवा होता म्हणून कोळसा आधी शोधला. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत फाटा टाकला, सरकारी खाण चालवली आणि १९०६ ला बंद केली. शेजारच्या लोखंडाचं काय? चांद्यातल्याच देऊळगावचं खनिज तर सर्व्हेवाले यायच्या आधीपासून गावच्या भट्ट्यांत जात होतं. मातीची भट्टी, लाकडी कोळशाचे थर, कातड्याचा भाता. तळाला जमलेला गोळा लालबुंद असतानाच घणाने ठोकून मळी काढायची. १८७८ च्या जंगल कायद्याने लाकूडतोडीवर बंधनं आली, रेल्वेने विलायती स्वस्त लोखंड आणलं, आणि भट्ट्या विझल्या. अहवालात खनिजाची नोंद राहिली, ते गाळणारे मात्र उपाशी.

खडकफोड्या
ताई, भट्ट्यांचं खरं आहे. पण पुढे मोठा कारखाना चांद्यात आला नाही, त्याचा दोष सर्व्हेला नाही. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांद्याच्या लोखंडावरचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या हाती पडला. चांद्यातल्या लोहारा गावचं खनिज उत्तम, जवळ वरोऱ्याचा कोळसा. जमशेटजींनी नमुने जर्मनीला पाठवले, निकाल आला: हा कोळसा चालायचा नाही. झोतभट्टीत, म्हणजे लोखंड गाळायच्या मोठ्या भट्टीत, कोळसा हवेविना भाजून केलेला कोक लागतो, वरच्या खनिजाचा भार पेलेल असा घट्ट. वर्धा खोऱ्यातला कोळसा तसा बांधतच नाही. बॉयलरखाली मात्र झकास जळतो. ही खडकाची मर्जी, यात व्हाइसरॉय काय करणार?

भट्टीवाली
व्हाइसरॉय परवाने काढतो, भाऊ! खनिजाच्या परवान्याचे नियम १८९९ ला सैल झाले, तोवर जमशेटजींना हात चोळत बसावं लागलं. कोक हे अर्धंच कारण.

अजबबंगला
नागपूरकर म्हणून एक किस्सा टाकतोच. लोहाऱ्याचा नाद सोडायची वेळ आली तेव्हा जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले होते. साहेबाची वाट बघत बसण्यापेक्षा समोरच्या म्युझियममध्ये, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला. दुर्ग (आता छत्तीसगडात) जिल्ह्यात लोखंडाची खूण म्हणून गडद रंग. ती नोंद प्रमथनाथ बोस यांच्या १८८७ च्या पाहणीतली. ते सर्व्हेच्या वरच्या श्रेणीत घेतलेल्या पहिल्या भारतीयांपैकी. १९०३ मध्ये त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ हॉलंड संचालक झाला, तेव्हा बोसांनी राम राम ठोकला. पुढे मयूरभंजच्या संस्थानात लोखंड सापडल्याचं टाटांना कळवलं ते याच माणसाने, १९०४ ला. जमशेदपूर त्यावर उभं राहिलं. दुर्गमधली राजहराची लोहखाण भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वाट्याला गेली.
आता सांगा, हा सर्व्हे इंग्रजांचा की बोसांचा?

वर्धाकाठचा
बोसांचंच उदाहरण माझ्या बाजूने जातं. नकाशा भिंतीवर होता म्हणून तर दोराबजींना दिसला!

भट्टीवाली
दोराबजींना दिसला. दुर्गच्या खेड्यातल्या माणसाला सचिवालयासमोरच्या त्या दालनात कोण शिरू देणार होतं? आणि दिसून तरी काय, अक्षरं इंग्रजी. आजही खाणीची जनसुनावणी लागते तेव्हा गावात जाडजूड इंग्रजी अहवाल येतो आणि मराठीत चार पानांचा सारांश. विहिरीचं पाणी किती खाली जाईल ते त्या चार पानांत शोधून दाखवा.

खडकफोड्या
हे मात्र मान्य. पाण्याच्या पातळीचा तक्ता हमखास मागच्या परिशिष्टात असतो. पुढच्या सुनावणीला तेवढी पानं मराठीत करून द्यायला मी तयार आहे, कुणीतरी अहवाल आधी मिळवा.