पी०१७१ कोड पुन्हा पुन्हा येतो. ऑक्सिजन सेन्सर बदलावा का?

प्रश्न (केज, जि. बीड)

नमस्कार. माझ्याकडे २०१६ ची बीएस-४ पेट्रोल हॅचबॅक आहे. इंजिन १.२ लिटरचे असून टर्बो किंवा सीएनजी किट नाही. बीडहून परतताना मांजरसुंब्याचा घाट चढू लागलो की गाडीची ओढ कमी होते आणि थोड्या वेळाने चेक इंजिनचा दिवा लागतो. सपाट रस्त्यावर विशेष त्रास जाणवत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०१७१ हा एकच कोड निघाला. मिस्त्रींनी तो पुसून दिला, परंतु पुढच्या वेळी घाटात तो पुन्हा आला, आणि आता ते ऑक्सिजन सेन्सर बदलण्यास सांगत आहेत. सेन्सर खरोखरच खराब आहे हे आधी तपासता येते का, आणि तपास कोणत्या क्रमाने करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (परभणी)

पी०१७१ चा अर्थ एवढाच की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे आणि ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) पेट्रोल वाढवण्याची आपली मर्यादा गाठली आहे. ही कमतरता एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरने कळवलेली असते, त्यामुळे कळवणाऱ्यालाच दोषी धरणे घाईचे ठरेल. सेन्सर मंदावला तर बहुधा पी०१३३ आणि त्याचा हीटर गेला तर पी०१३५ असे वेगळे कोड येतात. माझ्या मते आपण प्रथम हवेची गळती पाहावी. इंटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट, पीसीव्हीचा (क्रँककेसमधील वायू इंटेककडे नेणारा) पाइप आणि ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी नीट तपासा. आपल्याकडे सोयाबीनच्या किंवा कापसाच्या गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी नळी कुरतडलेली असण्याची शक्यताही मोठी असते.

उत्तर (नांदेड, गॅरेजचालक)

वरील उत्तरातील सेन्सरविषयीचे म्हणणे योग्य आहे, मात्र हवेच्या गळतीबाबत एक महत्त्वाची गोष्ट जोडावी लागेल. गाडीत हवा मोजणारा सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहा. एअर फिल्टरनंतरच्या पाइपवर एमएएफ (आत जाणारी हवा थेट मोजणारा) सेन्सर असेल, तर त्याच्यानंतर इंजिनाकडच्या बाजूला शिरलेली हवा मोजलीच जात नाही आणि मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. आपल्याकडील बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत मात्र एमएपी सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधील दाब मोजतो, त्यामुळे गळतीची हवाही हिशेबात येते आणि ईसीयू तिच्या प्रमाणात पेट्रोल सोडतो. अशा गाडीत गळती झाली तर कोड येण्यापेक्षा आयडलिंग वाढलेले दिसणे अधिक संभवते.

कोड पुसू नका, कारण त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम ही नोंदही जाते. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग, आरपीएम, लोड (इंजिनावरील भार) आणि इंजिनाचे तापमान किती होते, हे त्या नोंदीतच सापडते. माझ्या दृष्टीने निदानाचा निम्मा भाग तिथेच असतो, आणि नेमकी तीच नोंद न वाचता खोडली जाते याचे मला फार वाईट वाटते. भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (गाडीतील दोष नोंदवणारी प्रणाली) लागू झाले असल्याने आपल्या गाडीत इंजिनाचे आकडे मोबाइलवर दाखवणारा साधा ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर चालायला हवा. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये तो लावून लाँग टर्म आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, ते आकडे) तीन स्थितींत पाहा: आयडलिंगला, उभ्या गाडीत २५०० आरपीएमवर आणि घाट चढताना. घाटातील आकडे शेजारी बसलेल्या व्यक्तीने टिपावेत.

प्रश्नकर्ता

गाडीत एमएपी सेन्सरच आहे. दोन्ही ट्रिमची बेरीज आयडलिंगला +७, २५०० आरपीएमवर +१२ आणि घाटात तिसऱ्या गिअरमध्ये +२६ टक्क्यांपर्यंत गेली. फ्रीझ फ्रेममध्ये लोड ८४ टक्के दिसतो.

उत्तर (लातूर)

आयडलिंगच्या +७ मधील काही भाग पेट्रोलमधील इथेनॉलचा असू शकतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ पट. म्हणून ई-२० (२० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल) भरल्यावर जुन्या मॅपिंगच्या (ई-२० साठी न जुळवलेल्या) गाडीला तेवढ्याच हवेसाठी अधिक पेट्रोल सोडावे लागते आणि ट्रिम काही टक्के वर सरकते. घाटातील +२६ चा खुलासा मात्र यातून होत नाही.

उत्तर (नांदेड, गॅरेजचालक)

लोड वाढत जाईल तशी ट्रिम वाढते, म्हणजे इंजिनाने मागितलेले पेट्रोल पोहोचत नाही. सेन्सर विकत घेऊ नका. फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) गेज लावून दाब मोजून घ्या. अशा इंजिनांत तो साधारण ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. आयडलिंगला दाब योग्य असला तरी समाधान मानू नका, लोडखाली तो टिकतो का हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. पाइप सोडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधील दाब उतरतो, आणि त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा.

दाब कमी भरला तरी लगेच पंप बदलू नका. इंजिन सुरू असताना पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा ते अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल, तर वायरिंग, रिले किंवा अर्थिंग पाहा. व्होल्टेज पूर्ण मिळत असेल, तरच टाकीतील जाळी, फिल्टर आणि शेवटी पंप.

प्रश्नकर्ता

आपण सांगितल्याप्रमाणे तपास करून घेतला. रेस वाढवताच दाब २.३ बारपर्यंत उतरत होता. बॅटरीवर १३.९ व्होल्ट असताना पंपाच्या कनेक्टरवर ११.२ व्होल्टच मिळत होते. मागील सीटखालच्या अर्थिंगच्या बोल्टवर गंज चढलेला होता. तो घासून नवीन लग (वायरच्या टोकाची कडी) बसवल्यावर तिथे १३.६ व्होल्ट मिळू लागले. कोड पुसून घाट चढलो, तेव्हा ट्रिम +९ च्या वर गेली नाही आणि ओढही पूर्ववत जाणवली. सेन्सर जुनाच ठेवला आहे. पंप आजवर कमी व्होल्टेजवर चालल्याने झिजला असेल का, हे पाहण्यासाठी पुढील सर्व्हिसिंगला दाब पुन्हा मोजून घेईन आणि ते आकडे येथे नोंदवीन.