कान अधू असताना थायरॉईडची तपासणी कशासाठी?

सावली (प्रश्न):
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. जन्मानंतरच्या श्रवण-चाचणीत त्याचे दोन्ही कान व्यवस्थित असल्याचे सांगितले गेले होते आणि तीन वर्षांपर्यंत तो वयाप्रमाणे बोलतही होता. पुढे त्याचे ऐकणे कमी होत गेले. गेल्या वर्षी खेळताना डोके आपटले आणि दोनच दिवसांत त्याला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येईनासे झाले. काही आठवड्यांनी त्यात थोडी सुधारणा झाली. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंची व्हेस्टिब्युलर ॲक्विडक्ट ही आतल्या कानाची नलिका रुंद असल्याचे दिसल्यामुळे डॉक्टरांनी पेंड्रेड सिंड्रोमची (बहिरेपणा आणि थायरॉईडचा दोष एकत्र येणाऱ्या आनुवंशिक आजाराची) शंका घेऊन थायरॉईडची आणि जनुकांची तपासणी सुचवली आहे. टीएसएच (थायरॉईडचे काम दाखवणारी रक्तचाचणी) नॉर्मल आला आहे, गळ्याला सूज नाही आणि आमच्या दोन्ही घराण्यांत कोणालाही बहिरेपणा नाही. मग हा आजार आनुवंशिक कसा असेल, आणि ही शंका आता सोडून द्यावी का? आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करत होतो, म्हणून मनावर फार दडपण आहे.

बालवैद्य (प्रतिसाद):
ताई, केवळ टीएसएच नॉर्मल आला म्हणून ही शंका सोडू नका. व्हॉन पेंड्रेड या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ मध्ये बहिरेपणा आणि गळगंड असलेल्या दोन बहिणींची नोंद केली, तेव्हापासून या दोन लक्षणांची जोडी माहीत आहे. मात्र त्यांना जोडणारे एसएलसी२६ए४ हे जनुक १९९७ मध्ये सापडले. हे जनुक पेंड्रिन नावाचे प्रथिन तयार करते. थायरॉईडमध्ये हे प्रथिन आयोडाइडला पेशीतून त्या पोकळीत जाऊ देते, जिथे हार्मोन बनतो. आतल्या कानात तेच प्रथिन बायकार्बोनेट सोडून तिथल्या द्रवाची आम्लता योग्य राखते. प्रथिन निकामी असेल तर गर्भावस्थेतच हा द्रव साचत जातो, नलिका रुंदावते आणि ऐकण्याच्या पेशींना आवश्यक असलेले वातावरण बिघडते. काही मुलांमध्ये कॉक्लियाचे, म्हणजे आतल्या कानातील शंखासारख्या भागाचे, वेटोळेही अडीचऐवजी दीडच राहते.

थायरॉईड बराच काळ निभावून नेतो, कारण आयोडाइडला इतर वाटाही असतात आणि आहारात आयोडीन पुरेसे असेल तर ग्रंथीवर ताण कमी पडतो. गळगंड बहुधा मोठ्या बालपणी किंवा किशोरवयात दिसतो, आणि अनेकांमध्ये हार्मोनची पातळी तेव्हाही नॉर्मलच असते. आणखी एक गोष्ट पालकांना स्पष्टपणे सांगायला हवी. जन्मजात हायपोथायरॉईडिझममध्ये हार्मोनच्या अभावाने कानाची वाढ खुंटू शकते, म्हणून तिथे औषध लवकर सुरू करण्याला फार महत्त्व आहे. पेंड्रेडमध्ये मात्र बहिरेपणा हार्मोनच्या कमतरतेमुळे येत नाही, त्यामुळे पुढे थायरॉक्सिन (थायरॉईड हार्मोनची गोळी) लागले तरी त्याने श्रवणशक्ती परत येणार नाही. ती अपेक्षा ठेवून कोणीही गोळी सुरू करू नये आणि स्वतःच्या मनाने आयोडीनचे थेंबही देऊ नयेत.

जनुकसल्लागार (प्रतिसाद):
घराण्यात कोणी बहिरे नसणे हे या आजारात अगदी नेहमीचे आहे, कारण दोष अप्रभावी पद्धतीने वाहतो. आई आणि वडील दोघांकडेही त्या जनुकाची एक सदोष आणि एक निरोगी प्रत असते. निरोगी प्रत पुरेशी असल्याने दोघांनाही काही जाणवत नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात मूल बाधित असण्याची शक्यता चारात एक, केवळ वाहक असण्याची दोनात एक आणि दोष अजिबात नसण्याची चारात एक असते. पहिले मूल बाधित झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता घटत नाही आणि वाढतही नाही. नलिका रुंद असूनही कधी कधी एकच दोष सापडतो किंवा एकही सापडत नाही. अशा अहवालाचा अर्थ स्वतः लावू नका. मुलाचा अहवाल हाती आला की तुम्हा दोघांची तपासणी करता येईल आणि पुढच्या गर्भारपणापूर्वीच सविस्तर समुपदेशन घेता येईल. हे कोणाच्याही चुकीमुळे झालेले नाही, हे मी प्रत्येक पालकाला मनापासून सांगते.

वेदांगी (प्रतिसाद):
माझ्या मुलीला हाच आजार आहे, ती आता चौदा वर्षांची आहे. तिच्या गळ्याला सूज अकराव्या वर्षी आली, तोपर्यंत सगळे अहवाल नॉर्मल होते, म्हणून दरवर्षी थायरॉईडची तपासणी करत राहणे आमच्या कामी आले. डोक्याला मार बसल्याने तिचेही ऐकणे दोनदा एकदम कमी झाले. त्यानंतर धक्काबुक्कीचे खेळ आम्ही बंद केले, सायकलवर हेल्मेट सक्तीचे केले आणि ऐकण्यात अचानक फरक जाणवला तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचे ठरवले. श्रवणयंत्राने भागेनासे झाल्यावर तिचे कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात ऐकण्याचे यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया) केले. सुरुवातीचे काही महिने कष्टाचे गेले, पण आता ती फोनवर बोलते. तुमचा मुलगा आधी बोलायला शिकला आहे, ही फार मोठी जमेची बाजू आहे; ती भाषा टिकवण्यासाठी वाचाउपचार मात्र खंड न पडू देता चालू ठेवा.

सावली:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. उद्याच रक्ताचा नमुना देत आहोत. वेदांगीताई, शाळेत शिक्षकांना नेमके काय सांगावे, हेही कृपया लिहाल का?

वेदांगी:
त्याला पुढच्या बाकावर, चांगला कान वर्गाकडे येईल असे बसवायला सांगा, शिक्षकांनी फळ्याकडे पाठमोरे असताना बोलू नये अशी विनंती करा, आणि डोके आपटले तर लागलेले दिसत नसले तरी तुम्हाला लगेच कळवावे, हे लेखी द्या.