कीटक मेळा: सासूबाई, आठवीतली मुलगी आणि किडेवेडा मुलगा, सगळ्यांना घेऊन जावं का?

कांजूरची_आई

नमस्कार मंडळी. माटुंग्याला एका कॉलेजात कीटक मेळा भरलाय. गेल्या शनिवारी सुरू झाला, या शनि-रवि संपतोय. कुणी जाऊन आलंय का?

आमची वरात अशी: धाकटा दुसरीत, किडेवेडा. त्याच्या शाळेच्या पँटच्या खिशात हात घालायची माझी हिंमत होत नाही. थोरली आठवीत. बाथरूममध्ये पाल दिसली तर त्या दिवशी आंघोळ रद्द. तिने आधीच सांगून टाकलंय की ती गेटवर मोबाईल घेऊन बसणार. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण नातू जाणार म्हटल्यावर त्यांनी कालच पर्स काढून ठेवली. आणि नवऱ्याला लहानपणी गांधीलमाशी चावून अख्खा चेहरा सुजला होता, त्यामुळे "तिथे पोळं असेल तर मी बाहेरूनच टाटा करेन" असं त्याचं म्हणणं.

तर एवढ्यांना घेऊन जाण्यासारखं आहे का? बसायला जागा, टॉयलेट वगैरे? सगळं काचेआड असेल तर धाकटा दहा मिनिटांत कंटाळणार. हात लावू देतात का? शिवाय त्याच्या डोक्यात भरलंय की तिथे फ्रेममध्ये टाचलेले भुंगे विकत मिळतात. त्याचा मावसभाऊ लॉस एंजेलिसला असतो, त्याने तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या बग फेअरमधून एक आणलाय. इथे मिळतात का, आणि मिळाले तर घ्यावेत का? तिकिटाचं माहीत आहे, ते सांगू नका.

लालबागची_काकू

अगं जा, खुशाल जा. मी गेल्याच शनिवारी जाऊन आले. सोबत लेक, जावई, नातवंडं आणि विहीणबाई.

एक लक्षात ठेव, सगळं बघायच्या फंदात पडू नकोस. हॉलभर टेबलं मांडली आहेत आणि बहुतेक लोक मुलांचा दंड धरून एकेका टेबलाला हजेरी लावत पुढे सरकतात. पोराला ना काही दिसतं, ना आठवतं. शिरल्या शिरल्या फोटोंचे बोर्ड आहेत, ते सोड. सरळ जिवंत किड्यांकडे जा आणि त्याला हवं तिथे हवा तेवढा वेळ उभं राहू दे. माझा नातू रेशमाच्या टेबलाशी जो चिकटला तो हलेना. सुपात तुतीची पानं पसरलेली, त्यावर बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या. तिथली कॉलेजची मुलगी म्हणाली, कान जवळ आण. हॉलमध्ये एवढा गलका, तरी पानं कुरतडल्याचा आवाज येत होता! एक अळी पानाची कड पायांत धरून डोकं वरून खाली, पुन्हा वरून खाली असं नेत होती, आणि बघता बघता पानाला अर्धगोल खाच पडली. मग ती खाच वाढत वाढत मधल्या शिरेपर्यंत गेली.

पुढे तिने गरम पाण्यात कोष टाकून धागा सोडवून दाखवला. एका कोषातून एकसलग धागा निघतो, जवळजवळ किलोमीटरभर, कधी त्याहूनही लांब. विहीणबाईंनी विचारलं, "आणि आतला किडा?" पोरगी म्हणाली, "तो आधीच वाफेने मारतात, आजी. बाहेर पडू दिला तर कोषाला भोक पडतं, मग धागा सलग मिळत नाही." विहीणबाईंचं कपाट येवल्याच्या पैठण्यांनी भरलंय. दादर येईपर्यंत त्यांचं एकच चाललं होतं, "मला हे आधी कुणी सांगितलं का नाही?" पैठण्या अजून कपाटातच आहेत म्हणा.

हात लावायला काडीकीटक देतात. तळहातावर ठेवला की हू की चू नाही, हळूच फुंकर मारली की फांदी हलल्यासारखा झुलायला लागतो. धाकट्याला तेच आवडेल.

आणि हुमल्यांचं घरटं चुकवू नकोस, आंब्याच्या फांदीसकट ठेवलंय. मी सावंतवाडीकडची, आंबे काढताना या तांबड्या मुंग्या इतक्या चावल्यात की बोलायची सोय नाही. पण पानं जोडायला त्या स्वतःच्या अळ्या तोंडात धरून फिरवतात आणि त्या अळ्यांच्या रेशमाने पानं चिकटतात, हे मला आत्ता या वयात कळलं. ओडिशात यांची चटणी करतात, मयूरभंजच्या त्या काई चटणीला 2024 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडे नुसते चावे मिळाले.

थोरलीला ओढून नेऊ नकोस. माझी नातही अशीच नाक मुरडत आली होती. तिला झुरळांच्या टेबलाने पकडलं. आपल्या ओट्याखालचं छोटं, फिक्कट तपकिरी ते जर्मन, आणि मोरीतून येणारं मोठं तांबूस ते अमेरिकन. जर्मन मादी अंड्यांची पिशवी पिल्लं बाहेर यायच्या वेळेपर्यंत पोटाला लावून फिरते, एका पिशवीत 30-40 अंडी. "ई, ई" करत सगळं ऐकून घेतलं तिने आणि घरी येऊन सिंकखालचं कपाट स्वतः रिकामं केलं. आजवर तिने पाण्याचा ग्लासही उचलून ठेवलेला नाही.

मधमाश्यांची पेटी आहे, सातेरीची, पण जाळीआड आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला. नवऱ्याला त्या बाजूला फिरकायचं कारण नाही. बाकं व्हरांड्यात आहेत, टॉयलेट तळमजल्यावर, स्वच्छ. दार उघडतानाच पोच, अकरानंतर शाळांच्या बस येतात. आणि माटुंग्यापर्यंत जातेसच तर डोसा खाल्ल्याशिवाय येऊ नकोस.

मध्यरेल्वे_पीडित

शनिवारीच जा. रविवारी माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक लागला तर कांजूरहून निघालेल्या सासूबाई सगळ्यांचा उद्धार करतील.

काकूंशी एका बाबतीत असहमत: फोटोंचे बोर्ड सोडू नका. ॲटलास पतंगाचा एक फोटो खऱ्या मापाचा छापलाय, पंख पसरल्यावर 24 सेंमी. तळहात त्यावर ठेवून बघा. पंखांच्या टोकांना सापाच्या डोक्यासारखी नक्षी असते. आणि एवढ्या मोठ्या जिवाला खायला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्या शिदोरीवर आठवडा-दोन आठवडे काढायचे, जोडीदार शोधायचा, संपलं. आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पावसाळ्यात दिसतो हा.

फ्लॅश मारून फोटो काढू नका एवढीच विनंती. गेल्या रविवारी एका काकांनी प्रार्थनाकीटकाच्या तोंडासमोर फ्लॅशचा नुसता कडकडाट लावला होता.

विज्ञानवाले_सर

शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून फ्रेमच्या प्रश्नाला उत्तर देतो: घेऊ नका. इथल्या मेळ्यात विक्री नाहीच, पण ऑनलाइन किंवा हिल स्टेशनच्या दुकानांत अशा फ्रेम दिसतात. आपल्याकडची बरीच फुलपाखरं आणि काही भुंगे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. फ्रेममधली जात कोणती हे विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही, मग आपण कुठून ओळखणार? 2008 मध्ये दार्जिलिंगजवळच्या राष्ट्रीय उद्यानात कीटक गोळा करताना दोन चेक नागरिक पकडले गेले होते, प्रकरण कोर्टात गेलं. जपानमध्ये मुलं दुकानातून शिंगवाले भुंगे पाळायला विकत आणतात, अमेरिकेत टाचलेले विकतात, तिथले नियम तिथे.

त्यापेक्षा कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी ठेवा आणि तिच्यावर औषध मारू नका. लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉन येऊन अंडी घालतात. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. फोडणीला पानं कमी पडतील, तेवढी तयारी ठेवा.

धाकट्यासाठी एक काम. टेबलावरच्या प्रत्येकाचे पाय मोजायला सांगा. कोळी, विंचू आणि पहिल्या पावसात दिसणारा तो मखमली लाल मृगाचा किडा, तिघांचे आठ पाय, म्हणजे तिघेही कीटक नाहीत. मांडणाऱ्यांनी ते मुद्दामच मधे मधे ठेवलेत असं वाटतं.

यजमानांबद्दल: गांधीलमाशी आणि मधमाशी यांचं विष वेगवेगळं. चेहऱ्यावर चावलं तर चेहरा सुजणारच. पण तेव्हा श्वासाला त्रास झाला असेल किंवा अंगभर पित्त उठलं असेल, तर डॉक्टरांशी बोलून ठेवा, मेळा असो वा नसो.

कांजूरची_आई

सगळ्यांचे आभार! शनिवारीच गेलो.

धाकटा प्रार्थनाकीटकापाशी अडकला. तो किडा मान वळवून याच्याकडे बघायचा, हा डावीकडे सरकला की डोळ्यातला काळा ठिपकाही सोबत सरकायचा. तो ठिपका खरी बाहुली नसते, आपण कुठूनही बघितलं तरी आपल्याकडेच रोखलेला वाटतो, असं तिथल्या मुलाने समजावलं. आमच्या चिरंजीवांना ते मान्य नाही. "तो मलाच बघत होता."

थोरली गेटवर पाचेक मिनिटं बसली, मग उकाडा झाला म्हणून आत आली. काकू, झुरळांनी नाही, डासांनी पकडलं तिला! भिंगाखाली एडिसच्या अळ्या पाण्यात उलट्या लटकून शेपटीच्या नळीने श्वास घेताना दाखवल्या. चावते ती फक्त मादी, अंडी स्वच्छ पाण्याच्या कडेला घालते, आणि ती अंडी सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं. घरी आल्यावर तिने फ्रिजच्या मागचा ट्रे काढला. त्यात काय होतं ते सांगत नाही. मग कुंड्यांखालच्या बशा, मग शेजारच्यांच्या कुंड्यांखालच्या बशा. आता तिला सोसायटीच्या गच्चीची किल्ली हवी आहे आणि सेक्रेटरी टाळतायत.

सासूबाईंनी पैठणीचा विषय निघण्याआधीच रेशमाच्या टेबलाकडे पाठ फिरवली, त्या हा धागा आधीच वाचून आल्या होत्या. नवरा मधमाश्यांच्या जाळीपासून चार हातांवर उभा राहून का होईना, पण उभा राहिला. डोसा खाल्ला, दोनदा.

आता धाकट्याला ब्लू मॉरमॉन प्रत्यक्ष बघायचंय. 2015 मध्ये त्याला राज्य फुलपाखरू केलं आणि असं करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, हे तो येईल-जाईल त्याला सांगतोय. कुठे नेऊ?

विज्ञानवाले_सर

ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळेकर वाडी. रविवारी सकाळी उघडी असते, निघण्याआधी फोन करून खात्री करा. गोरेगावला फिल्म सिटीजवळ बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) केंद्र आहे, तिथेही फुलपाखरांची बाग आहे, पण आधी नोंदणी करून जा. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. ऊन वर आलं की फुलपाखरं उडायला लागतात, ढगाळ दिवशी पानांत दडून बसतात, तेव्हा हवामान बघून निघा.

मध्यरेल्वे_पीडित

ओवळ्याला जाणार असाल तर साडेसातच्या आत ठाणे स्टेशन सोडा. घोडबंदरवर अडकलात तर ब्लू मॉरमॉन तुमच्या आधी वाडी गाठेल.

लालबागची_काकू

आणि सेक्रेटरीकडे किल्ली मागायला सासूबाईंना पाठव. बघ कशी मिळते.