विडंबन करा, पण कोणाचं? (किंग्स वरळीला येणार म्हणणाऱ्या पोस्टीवरून)

साडेपाचचा_गजर
मी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या वेडावर मराठीत खोट्या बातम्या लिहितो. लेकर्स, वॉरियर्स या टीमचे फॅन, मी स्वतः, सगळ्यांची टर उडवतो. दोन वर्षं कोणाचं काही म्हणणं नव्हतं. गेल्या मंगळवारी ही पोस्ट टाकली:

"ब्रेकिंग! सॅक्रामेंटो किंग्स पुन्हा वरळीत. डोममध्ये दोन सामने. शाळेचं ओळखपत्र दाखवा, तिकीट फक्त २०० रुपये. शनिवारी सकाळी दहाला खिडकी उघडणार. खेळाडूंची राहायची सोय लालबागला आत्याकडे."

शेवटची ओळ वाचून कोणी फसेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण कोणीतरी नेमकी तीच ओळ कापली आणि उरलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. परवापासून मला शिव्या पडतायत. विनोद माझा, कात्री दुसऱ्याची. मग माझं काय चुकलं? मनापासून विचारतोय.

मस्तानतलाव_बेंच
मी सांगतो काय चुकलं. नागपाड्यात संध्याकाळी पोरांना खेळायला शिकवतो, फुकट. शुक्रवारी सहावीतला एक पोरगा माझ्याकडे आहेराचं पाकीट घेऊन आला. आत दहा-दहा, वीस-वीसच्या नोटा, बरोबर दोनशे. पाकिटावरचा एक रुपया तसाच चिकटलेला. "सर, माझं तिकीट तुम्हीच काढा." मीही फसलो होतो, कारण बातमी अशक्य नव्हती. २०१९ साली ४ आणि ५ ऑक्टोबरला किंग्स आणि इंडियाना पेसर्स या टीम याच, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळल्या होत्या. पहिला सामना तर शाळकरी मुलांसाठीच ठेवला होता. किंग्सचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. त्यामुळे 'पुन्हा येतायत' म्हटलं की आमच्याकडे कोणी शंका घेत नाही. शनिवारी सात पोरं घेऊन बसने वरळीला गेलो. वॉचमनने विचारलं, "कसली मॅच?"
तुमची आत्या आम्हाला दिसलीच नाही साहेब.

क्रॉसओव्हर_कांदिवली
सर, पोरांचं वाईट वाटलं. पण हे गजरच्या माथी मारू नका. फॅन म्हणवता आणि विडंबन खात्यांची सवय नाही? अमेरिकेत एनबीए सेंटेल नावाचं खातं आहे. मूळ बातम्यांचं खातं एनबीए सेंट्रल, त्याची ही नक्कल. दिसायला हुबेहूब, बातम्या सगळ्या थापा, आणि भलेभले त्यात अडकतात. कोणी फसला की लोक म्हणतात "सेंटेल झाला". तो खेळाचाच भाग झालाय. २०२२ च्या नोव्हेंबरात ट्विटरची, खातं खरं असल्याची निळी खूण ८ डॉलरला मिळायला लागली, तेव्हा लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सच्या नावाचं खोटं खातं निघालं आणि त्यावरून "मला लेकर्स सोडायचंय" असं जाहीर झालं. जग थोडा वेळ हादरलं, मग हसलं. तिथे कोणी आहेराचं पाकीट काढत नाही.

शुद्धलेखन_नको
कांदिवली, तुझं उदाहरण तुझ्याच विरोधात जातं. सेंटेलवर हसतो तो, ज्याला सेंट्रल माहीत असतं. मराठीत विडंबन कवितांना मोठी परंपरा आहे, पण ती चालली का? मूळ कविता वाचकाला शाळेपासून पाठ असायची, म्हणून पहिल्या ओळीतच कळायचं की कवी खोडी काढतोय. नागपाड्यातल्या सहावीच्या पोराला मूळ कुठे पाठ आहे? त्याच्यापर्यंत तुमची नक्कलच आधी पोचली. मग ते विडंबन राहत नाही, ती नुसती खोटी बातमी होते. कात्री नसती लागली तरी हेच झालं असतं. लालबागला आत्या असणं मुंबईत विनोद आहे का? निम्म्या शहराची आत्या लालबागला असते.

क्रॉसओव्हर_कांदिवली
मग काय प्रत्येक विनोदाखाली 'हा विनोद आहे' लिहायचं? एक्सवाल्यांनी २०२५ मध्ये नियमच केला की विडंबन खात्याने नावाच्या सुरुवातीलाच तसं सांगावं. गजरच्या खात्यावर ते आहे. आणखी काय करायचं माणसाने?

शुद्धलेखन_नको
फोटो फॉरवर्ड होतो, खात्याचं नाव होत नाही. आणि आता खरंखोटं इतकं कालवलंय की उलटंही घडतं. २०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसच्या टीमने आपला स्टार लुका डॉन्चिच लेकर्सला देऊन टाकला. एनबीएच्या बातम्या देणारा पत्रकार शॅम्स शरानियाने बातमी फोडली, तेव्हा लोकांना वाटलं त्याचं खातं हॅक झालंय. बातमी खरी होती! खऱ्याचीच अशी गत, तर थापा मारून नवीन काय गंमत आणणार?

तिसरा_फाऊल
मला तक्रार वेगळीच करायची आहे. गजरच्या मागच्या पोस्टी चाळून आले. दर चार पोस्टींमागे एक 'जर्सी घातलेली मुलगी, पाच खेळाडूंची नावं सांग म्हटलं तर गोंधळली'. अरे बाबा, मी कॉलेजच्या टीममध्ये पॉइंट गार्ड होते. पिक अँड रोलचा डाव झोपेत सांगेन. गेल्या प्लेऑफला ठाण्याहून लेडीज डब्यात उभी राहून मोबाइलवर मॅच बघत होते. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, पश्चिम किनाऱ्यावरची मॅच असेल तर थेट ऑफिसची वेळ. दादर आलं आणि नेटवर्क गेलं. नेटवर्क परत आलं तेव्हा मॅच संपलेली आणि मी परळला. विनोद तिथे आहे ना! तो सोडून 'हिला काय कळतं' यावर किती दिवस जगणार?
पाकिटाच्या पोराची टर उडाली कारण तो लहान, माझी उडते कारण मी बाई. ज्यांची उडायला हवी ते सुटले.

साडेपाचचा_गजर
ताई, हे लागलं. पाच नावांवाल्या पोस्टी काढतो. पण 'ज्यांची उडायला हवी' म्हणजे कोण?

तिसरा_फाऊल
घे, फुकट देते.
"कट्टर वॉरियर्स फॅन, स्थापना २०१५, टीम चॅम्पियन झाली तेव्हा. त्याआधीची कागदपत्रं पुरात वाहून गेली."
"आमचे हे लेब्रॉनच्या मागे मागे: २०१० पर्यंत क्लीव्हलँडचे, मग मायामी, २०१४ ला पुन्हा क्लीव्हलँड, २०१८ पासून लेकर्स. सासूबाईंना वाटतं सारख्या बदल्या होतायत, सरकारी नोकरी असावी."
यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि यावर कोणी वरळीची बस पकडणार नाही.

क्रॉसओव्हर_कांदिवली
दुसरी माझ्यावर आहे हे मान्य. पण 'निरुपद्रवी तेवढंच लिहा' हे मला पटत नाही. थोडं फसवल्याशिवाय नक्कल जमत नाही. पहिले दोन सेकंद खरं वाटलंच पाहिजे, नाहीतर ती नुसती चारोळी झाली.

शुद्धलेखन_नको
दोन सेकंद ठीक आहे रे. शुक्रवार ते शनिवार नको. तारीख, वेळ, तिकिटाचा दर, या तीन गोष्टी असतील तर माणूस हसत नाही, पैसे मोजतो.

साडेपाचचा_गजर
हा मुद्दा पटला. दर टाकताना मलाच मजा आली होती, आकड्यामुळे बातमी भारदस्त वाटते म्हणून. पण नक्कल बंद करणार नाही, सॉरी. कांदिवली म्हणतो ते दोन सेकंद मला हवेच आहेत. यापुढे तिकीट, जागा, वेळ यांना हात लावणार नाही, आणि आत्या फोटोच्या मधोमध बसेल, कापायची म्हटली तर अख्खा फोटो जाईल.
सर, रविवारी मस्तान तलावच्या मैदानावर आलो तर चालेल? पोरांना मीच सांगतो. आणि पाकीट परत दिलंत ना?

मस्तानतलाव_बेंच
या. सात वाजता, उन्हाच्या आधी. बूट घालून या, नुसतं भाषण देऊन सुटका नाही.
दोनशे रुपये परत घेतले त्याने, मोजून. पाकीट मात्र घेतलं नाही. म्हणाला, सर ठेवा, खरे आले की लागेल.

क्रॉसओव्हर_कांदिवली
त्याला सांगा घाई नको. २०१९ ला दोन्ही सामने पेसर्सने मारले होते. पहिला ओव्हरटाइममध्ये एका गुणाने, आणि दुसऱ्यात तर धुतलं.