हातमोजे पुरेसे नाहीत

घराची साफसफाई करताना काय काळजी घ्यावी याबद्दल दोन सल्ले वाचले. शिडी दुसऱ्या कोणीतरी धरल्याशिवाय वर चढू नये, हा पहिला अगदी पटला. पण ‘हातमोजे घातले की साफसफाईच्या रसायनांची भीती नाही’ हा दुसरा मला मान्य नाही. मोजे कातडी वाचवतात, फुप्फुसं नाही. संडास साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यावर ब्लीच ओतलं की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण एकत्र आलं तर क्लोरामाइन नावाचा विषारी वायू तयार होतो, तोही तितकाच वाईट. दोन्ही मिसळली की जास्त स्वच्छ निघेल असं वाटून माणसं हे मुद्दाम करतात, याची मला खरंच काळजी वाटते. आधीचं द्रावण भांड्यात नुसतं उरलं असेल तरी हे होऊ शकतं, म्हणून भरपूर पाणी सोडल्याशिवाय दुसरी बाटली उघडू नका.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो, आणि फरशी घासणारा माणूस नेमका तिथेच वाकलेला असतो. डोळे चुरचुरले, खोकला आला तर सांडलेलं आवरत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या. डोळ्यांत उडालं असेल तर किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी त्या दिवशी श्वासाकडे लक्ष ठेवा, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. धाप लागली तर तडक दवाखाना गाठा.