नवीन ई-सायकल घरीच जोडली, सिग्नलला आपोआप पुढे उसळते. चालवण्याआधी नक्की काय काय तपासायचं?

बावधनचा_नवशिका
नमस्कार मंडळी, परवा ई-सायकल आली, ऑनलाइन मागवलेली. भला मोठा खोका, आत बरीचशी जोडलेली आणि उरलेलं आपण करायचं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली तर तो म्हणे मोटरच्या गाडीला मी हात लावत नाही, मग व्हिडिओ बघत बघत रविवारी मीच हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट सगळं बसवलं. मागच्या चाकात २५० वॅटची मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, केबलचे, ऑइलचे नाहीत.

सोसायटीत दोन चकरा मारल्या आणि कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत जाऊन आलो. थांबलो असताना पेडलवर पाय जरा दाबला गेला की सायकल एकदम पुढे उसळते, समोरच्या रिक्षाला टेकता टेकता राहिली. ही मोटर सेट करता येते का? बाकी किरकोळ, पुढचा ब्रेक कुर्र कुर्र करतो आणि हळू वळताना बूट पुढच्या चाकाला घासतो, साइज लहान आली बहुतेक. सोमवारपासून ऑफिसला न्यायचीय, म्हणजे चांदणी चौकातून खाली कोथरूड. वीस वर्षांनी सायकल चालवतोय हेही सांगून ठेवतो. फोटो जोडलाय.

घाटवेडा
मोटरचं राहू द्या बाजूला, आधी तुमचाच फोटो मोठा करून बघा. पुढच्या ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा तो डबा, फोर्कच्या (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) डाव्या पायाला मागच्या बाजूला असायला हवा. तुमचा उजवीकडे आणि पुढे तोंड करून बसलाय आणि केबल फोर्कला वेढा मारून गेलीय. राव, फोर्क उलटा बसलाय! साइज लहान नाहीये, चाक मागे सरकलंय म्हणून बूट लागतो. खोक्यात फोर्क फिरवून ठेवलेला असतो आणि हँडल तसंच बसवलं की हे होतं, तुम्ही पहिले नाही. अशी सायकल चांदणी चौकाच्या उताराला अजिबात नेऊ नका, ब्रेकचा सगळा जोर चुकीच्या दिशेनं जातो आणि हँडलही विचित्र लागतं.

सोपं आहे. हँडल धरणाऱ्या स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट ढिले करायचे, फोर्क अर्धा फेरा फिरवायचा, पण केबलचा वेढा सुटेल त्या दिशेनं. मग वरच्या टोपीचा बोल्ट हलकेच आवळायचा, हँडल चाकाशी काटकोनात आणायचं आणि शेवटी बाजूचे बोल्ट थोडं हा थोडा तो असे आवळायचे. हा क्रम उलटा केला तर टोपी कितीही पिळा, ढिलाई जात नाही. नंतर पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं स्टेमखालच्या जोडावर ठेवा आणि सायकल पुढेमागे हलवा. बोटांना टकटक लागली तर अजून ढिलं आहे. हँडल जड फिरत असेल तर जास्त आवळलंय.

कुर्र कुर्रचं: केबलच्या बऱ्याच डिस्क ब्रेकमध्ये डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या पॅडपैकी बाहेरचीच पॅड हलते, आतली जागेवर असते, तिला चाकाच्या बाजूनं अ‍ॅलन कीनं थोडं थोडं सरकवावं लागतं. आणि डिस्कवर स्प्रे ऑइल मारायचा मोह होईल, मारू नका, एकदा तेल लागलं की पॅड बदलण्याशिवाय बहुतेक इलाज उरत नाही.

पंचगंगाकाठची
घाटवेडांनी मोठा घोळ पकडला की! आता उसळीबद्दल. तुमची सायकल पेडल फिरतंय का एवढंच बघत असणार, किती जोर लावला ते तिला कळत नाही. क्रँकजवळ, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं तिथे, बारीक चुंबकांची चकती असते, ती थोडी फिरली की कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या डब्याला, वाटतं साहेब निघाले. उपाय एवढाच, सिग्नलला पाय पेडलवरून काढा किंवा ब्रेकचं लिव्हर हलकं दाबून धरा. लिव्हरमध्ये कट-ऑफचं बटण असतं, ब्रेक धरला की मोटर बंद. वळणाआधी पण पेडल जरा लवकर थांबवा, कारण मोटर अर्ध्या क्षणानं बंद होते.

पण हे कट-ऑफ चालतंय का ते आधी बघायला लागतं. मागचं चाक कुणाला तरी उचलून धरायला सांगा, पेडल हातानं फिरवा, मोटर सुरू झाली की एकच लिव्हर थोडंसं दाबा. मोटरचा आवाज लगेच थांबला पाहिजे. मग दुसरं लिव्हर, तसंच. आणि लिव्हर पूर्ण परत येत नसेल तर उलटं होतं, मोटर चालतच नाही आणि माणूस बॅटरीला शिव्या घालत बसतो.

थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता अंगठ्यानं मोटर चालवायचा खटका, असेल तर सायकल ढकलताना मोटरचं बटण बंद ठेवा. मी जिन्याखालून काढताना चालू ठेवली, अंगठा लागला आणि थेट कुंड्यांत. तुळस वाचली, मोगरा आणि दोन शोभेची झाडं गेली. सासूबाई अजून विषय काढतात.

सीट म्हणाल तर पहिले दहा-पंधरा दिवस दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी खाली ठेवा.

जुना_पानेवाला
सीटबद्दल असहमत. फार खाली ठेवली तर आठवड्यात गुडघे बोलायला लागतात. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ व्हायला हवा, ही उंची. हवं तर पहिले दोन-तीन दिवस दोन बोटं कमी करा. आणि सीटच्या नळीवर रेघ आखलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

मागच्या चाकाच्या नटबद्दल कोणी बोललं नाही. हब मोटर, म्हणजे तुमच्यासारखी चाकातली मोटर, अ‍ॅक्सललाच (चाकाच्या मधल्या दांड्याला) जोर देते, तिथला वॉशर खाचेत नीट बसलेला नसेल किंवा नट ढिला असेल तर अ‍ॅक्सल फिरतो आणि त्यातून आलेली वायर पिळून तुटते. नट भरपूर आवळा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, एल लिहिलेलं, ते जबरदस्तीनं उजवीकडे तर गेलं नाही ना बघा, क्रँक फुकट जातो. स्पोक पहिल्या शंभर किलोमीटरनंतर कुणाकडून तरी ताणून घ्या, तुमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं मोटरला हात नाही लावला तरी स्पोक तो करेल.

मोटरच्या वायरच्या कनेक्टरवर बाणाच्या खुणा असतात. बाणासमोर बाण आणून सरळ दाबायचं, पिळायचं नाही, आतल्या पिना वाकतात. हवा किती ते टायरच्या कडेलाच लिहिलंय, पंपावरच्या पोराला आकडा सांगा नाहीतर तो स्कूटरची भरतो. चार्जर सोबत आलेलाच वापरा. ३६ व्होल्टची बॅटरी ४२ ला भरते, ४८ वाली ५४.६ ला, पिन सारखीच निघाली म्हणून शेजाऱ्याचा लावू नका. गादीवर ठेवून चार्ज करू नका. आणि ताशी २५ किलोमीटर वेगाची मर्यादा काढून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, २५० वॅट आणि २५ च्या आत आहे म्हणूनच नोंदणी आणि लायसन्स लागत नाही.

बावधनचा_नवशिका
अहो खरंच उलटाच होता!! काल रात्री पार्किंगमध्ये टॉर्च तोंडात धरून फिरवला, वीस मिनिटं गेली. बूट लागायचा बंद. बायको एवढंच म्हणाली, "व्हिडिओ उलटा बघितलास का?" कट-ऑफ उजव्या लिव्हरला चालतंय, डाव्याला नाही, लिव्हरमधून निघालेला छोटा कनेक्टर अर्धाच बसला होता, दाबल्यावर तेही सुरू झालं. पेडल नशिबानं बरोबर होतं. मागचा नट मात्र बोटानं फिरला, पानेवाला काकांना दंडवत.

सोमवार रद्द. नवीन पॅड डिस्कवर बसायला हव्यात असं कळलं, म्हणून उद्या सकाळी मोकळ्या सपाट रस्त्यावर वीसच्या आसपास वेग घेऊन चालण्याइतका कमी करायचा, असं वीस-पंचवीस वेळा करणार, मगच उतार. सीट काकांच्या मापाला एक बोट कमी ठेवलीय, पंचगंगाकाठची रागवू नये.

पंचगंगाकाठची
रागवत नाही, पण पहिल्या दिवशी हेल्मेट घाला म्हणजे झालं. आणि कुंड्यांपासून लांब.